गोलकीपरच्या पाठीवर माझा पाय

जावयाला लाथ मारायची संधी किती सासवांना मिळते? मला परवा मिळाली, घरच्यांनी हात जोडून दिली, आणि मी ती सोडली. त्यावरून आमच्या फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या घरात दोन दिवस नुसती चर्चा चालली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

झालं असं, की जावयांनी जुनं वॉशिंग मशीन एकट्यानं तळघरात उतरवायचं ठरवलं. चौथ्या पायरीवर पाठीत उसण भरली. मशीन तिथंच, जावई तिथंच. कसंबसं वर आणून त्यांना गालिच्यावर पालथं घातलं, आणि मुलीला एकदम आठवलं.

"आई, तू पायाळू ना? लाव की पाय."

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. माझा स्वभाव बघता त्यात काही नवल नाही. आमच्याकडे समजूत अशी, की पायाळू माणसानं पाठीला तीनदा पाय लावला की उसण निघते.

"अहो आई, लावा हो," जावई गालिच्यात तोंड खुपसून म्हणाले. "पंधरा वर्षांचं जे काय साचलं असेल ते काढून घ्या."

"मी पाय लावत नाही. डॉक्टरला फोन करून टेर्मिन घ्या."

"वारुम निश्ट?" नातीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

का नाही? सांगते. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे एकदा एका टपरीवर सांगितलं होतं, पण ते पुढं येईल.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला साताऱ्याहून फ्रँकफर्टला आले होते. पन्नासचं दशक संपत आलं होतं. नऊवारीतल्या आईची पाचवारीतली लेक, वर पुरुषी ओव्हरकोट, साडीखाली गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. ट्राममध्ये माणसं बघायची. मला वाटायचं, काय बुद्धीचं तेज दिसतंय माझ्या चेहऱ्यावर! ती मोज्यांकडे बघत असावीत, हे कळायला दोन हिवाळे गेले.

आमच्या प्रोफेसरांसमोर एकदा चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "जे तराजूवर तोलता येत नाही, त्यावर माझा विश्वास नाही." प्रोफेसर इतके खूश झाले, की येईल त्या पाहुण्याला ते वाक्य माझ्यादेखत ऐकवायचे. मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायची. ढोंगी कुठली.

राहायला होते एका विधवा बाईंच्या घरी. घरमालकीण मनानं चांगली, पण नियमांची पक्की. बोळात पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगलेले : दारात बूट काढा, दहानंतर नळ सोडू नका, आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, 'हेरेनबेझूख' बंद. म्हणजे खोलीत पुरुष पाहुणा आणायचा नाही. माझ्या आधीच्या मुलीनं आणला, तर तासाभरात तिची बॅग फुटपाथवर होती. शहर बाँबमधून उठून अजून बांधलं जात होतं. खोली गेली तर दुसरी कुठं मिळणार, हा प्रश्न होता. आणि का गेली, हे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग साताऱ्यात कळलं असतं, तो त्याहून मोठा.

माझ्या डोक्यावर, माळ्यावरच्या खोलीत, एक अमेरिकन राहायचा.

तो सैन्यातून इकडे आला आणि नोकरीची मुदत संपल्यावर परत गेलाच नाही. दिवसा र्युसेल्सहाइमच्या मोटारीच्या कारखान्यात दरवाजे बसवायचा आणि रविवारी माइन नदीकाठच्या एका लहानशा क्लबाचा गोल सांभाळायचा. वडील मूळचे इथलेच. तरुणपणी बोटीनं अमेरिकेत गेले, कोळशाच्या खाणीत उतरले, आणि जाताना दोनच गोष्टी बरोबर नेल्या : फुटबॉलचं वेड आणि दारूचा तिटकारा. त्यांचा सख्खा भाऊ दारूनं गेला होता. त्यांनी मुलाला पत्र लिहिलं होतं, 'एक वर्ष देतो. तेवढ्यात मोठ्या क्लबानं घेतलं तर राहा. नाहीतर परत ये आणि कामाला लाग.'

हे मला आमच्या सामाईक स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता कळलं. त्याची जर्मन भाषा म्हणजे वडिलांच्या खेड्यातली बोली, चाळीस वर्षं जुनी. तो बोलायला लागला की घरमालकीण डोळे पुसायची. म्हणायची, आमचे आजोबा असं बोलायचे.

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिला सामना बघितला तो कोळशाची राख दाबून केलेल्या मैदानावर. दहा जण धावताहेत आणि हा एकटाच जाळ्यापुढं उभा. मला वाटलं, काहीतरी चुकलं असेल, म्हणून शिक्षा झाली असावी. मग चेंडू आला आणि यानं तो सरळ हातानं धरला. "अहो, हा हात लावतोय!" मी घरमालकिणीला म्हटलं. आजूबाजूचे दहाबारा जण वळून हसले. बुद्धीचं तेज, दुसरं काय.

लहानपणी तो बेसबॉल खेळलेला, त्यामुळे हात असे, की उंचावरून आलेला ओला, जड चामडी चेंडू तो झाडावरचं फळ तोडावं तसा काढून घ्यायचा. पाय मात्र अगदीच कच्चा. गोलकिक मारायला लागला तर चेंडू समोरच्याच माणसाच्या पायात जायचा, म्हणून त्याच्या वतीनं बचावातला एक जाडा सुतार येऊन किक मारायचा.

"पायानं नाही जमत तर गोलकीपर कशाला झालात?" मी एकदा विचारलं.

"फ्रॉयलाइन डॉक्टर," तो म्हणाला (फ्रॉयलाइन म्हणजे कुमारी; डॉक्टर मला अजून व्हायचं होतं, पण त्यानं म्हटलं की बरं वाटायचं), "गोलकीपरचं खरं काम तोंडाचं असतं. पुढचे दहा जण मला बघत नाहीत. मी मागून सांगायचं, डावीकडे माणूस आहे, आणि त्यांनी वळून न बघता विश्वास ठेवायचा. एकदा का ते वळून बघायला लागले, की मी संपलो."

वर्ष संपायला दोन महिने उरले असताना शहरातल्या एका मोठ्या क्लबाकडून निरोप आला. त्यांच्या दुसऱ्या गोलकीपरचा पाय मोडला होता. रविवारी सरावाचा सामना ठेवलाय, ट्रेनर स्वतः बघणार, पसंत पडलात तर करार. तो कागद त्यानं स्वयंपाकघरात माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा घरमालकिणीनं उठून त्याला केकचा दुसरा तुकडा दिला. तिच्या हातून दुसरा तुकडा सुटताना मी तेव्हाच पाहिला.

आणि गुरुवारी, तिच्यासाठी तळघरातून कोळशाची बादली आणताना, त्याच्या पाठीत उसण भरली.

घरमालकीण नवऱ्याच्या कबरीवर फुलझाडांना पाणी घालायला गेली होती. मी परीक्षानळ्या फोडून लवकर घरी आले होते. जिन्यात हा नव्वद अंशात वाकलेला, हातात बादली तशीच.

"क्लबच्या डॉक्टरकडे जातो," तो दात आवळून म्हणाला.

"गेलात की रविवार गेला," मी म्हटलं. "डॉक्टर झोपवूनच ठेवतील. वर चला. दहा मिनिटांत मोकळे करते."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, मी पायाळू आहे. साताऱ्याला सातव्या वर्षापासून मी आख्ख्या आळीच्या पाठी सरळ केल्या होत्या. मामलेदार कचेरीतले हेडक्लार्कसुद्धा आमच्या ओसरीवर पालथे पडायचे आणि उठून माझ्या हातावर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचे. त्याला हे कितपत पटलं कुणास ठाऊक, पण तो म्हणाला, "तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुम्हाला माहीत असेल."

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण त्याला माझी गरज आहे, ही गोष्टच इतकी गोड लागत होती! हो, हसा. होतं थोडंसं तसलं. बटाटे काही उगाच सोलत नव्हते मी.

माझ्या खोलीत, माझ्या गालिच्यावर तो पालथा पडला. मी मोजा काढला, डाव्या पायाचा अंगठा कमरेला लावला आणि रीतीप्रमाणे हलकेच तीनदा वर नेला. पद्धत एवढीच आहे. लाथ म्हणतात खरं, पण असतो तो नुसता स्पर्श.

"काही झालं?" मी विचारलं.

"गुदगुल्या झाल्या," तो म्हणाला.

गुदगुल्या! आळीतल्या एकाही माणसानं माझ्या पायाचा असा अपमान केला नव्हता. मी टेबलाला धरलं, पाय वर घेतला आणि सगळं अंग घालून टाच हाणली.

कट्‌ असा आवाज आला. तो ओरडला. मग हळूच उठला आणि सरळ उभा राहिला. वाकून बघितलं, वळून बघितलं. उसण गेली होती! मला दोन्ही हातांनी उचलून त्यानं गिरकी घेतली. मी स्वतःवर इतकी खूश, की त्या रात्री आईला पत्र लिहायला बसले आणि 'अमेरिकेची पाठ सरळ केली' असं वाक्य घालून मग फाडून टाकलं, कारण पाठ कुठं सरळ केली हेही लिहावं लागलं असतं.

शनिवारी तो बटाटे सोलताना खोकला आणि एकदम बरगडी धरली.

"श्वास घेतला की थोडं दुखतंय."

"ते बरं होतानाचं दुखणं," मी सांगितलं. तराजूवर तोलल्याशिवाय विश्वास न ठेवणारी मी!

रविवारी घरमालकीण ठेवणीतली टोपी घालून आली होती. र्युसेल्सहाइमहून त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ आला होता, सगळं अमेरिकेला कळवायचं काम त्याच्याकडं होतं. पहिला अर्धा तास आमचा अमेरिकन उंच चेंडू असे काढत होता, की मागचा एक म्हातारा म्हणाला, "याचे हात कुठून आणले रे?" मी त्या म्हाताऱ्याकडे वळून हसले, जणू हात मीच दिले होते.

मग एक चेंडू जमिनीलगत डावीकडे आला. साधा. शाळेतल्या पोरानं अडवला असता. त्यानं झेप घ्यायला अंग वाकवलं आणि तो मध्येच थांबला, बिजागरी अडकल्यासारखा. गोल. पाच मिनिटांनी पुन्हा डावीकडे, पुन्हा गोल. समोरच्यांना कळलं होतं. तिसऱ्यानंतर ट्रेनरनं त्याला बाहेर बोलावलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर तपासून बाहेर पडत होते. पाठीकडून बरगडीला चीर होती, दोनतीन दिवसांपूर्वीची. ट्रेनर ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस. रागावला नव्हता, हेच वाईट होतं.

"कशानं झालं?"

अमेरिकनानं माझ्याकडे बघितलं नाही. "जिन्यावरून पडलो."

"पाठीवर? एकाच ठिकाणी? आणि डॉक्टरकडे गेला नाहीत?" ट्रेनरनं मान हलवली. "बिअर प्यायला होतात. मारामारी झाली. बरोबर?"

"नाही."

"बरगडी सहा आठवड्यांत भरते. मी थांबलो असतो. पण गोलकीपर माझ्याशी खोटं बोलायला लागला, तर पुढच्या दहा जणांनी कुणावर विसंबायचं?" मग तो आमच्याकडे वळला. घरमालकीण म्हणाली, ती गुरुवारी घरात नव्हती. तेव्हा त्यानं मला विचारलं. "फ्रॉयलाइन, तुम्ही त्याच घरात राहता. हा जिन्यावरून पडला का?"

घरमालकिणीची टोपी माझ्या खांद्याला लागत होती. मला पुठ्ठ्यावरच्या त्या दोन रेघा दिसल्या. फुटपाथवरची बॅग दिसली. प्रोफेसर दिसले, पाहुण्यांना माझं नवं वाक्य ऐकवताना. एक वाक्य बोलायचं होतं. जर्मन तर मी त्या बोळातल्या निम्म्या लोकांपेक्षा शुद्ध बोलत होते.

"मी गुरुवारी प्रयोगशाळेत होते," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. आपला बचाव करणारा माणूस जागेवर नाही, हे कळल्यावर गोलकीपर जसा त्या रिकाम्या जागेकडे बघतो, तसं. मग बूट बांधायला वाकला, आणि वाकता येईना, म्हणून सोडून दिले.

दोन महिन्यांनी तो परत गेला. त्या दोन महिन्यांत मी स्वयंपाकघरात जायच्या वेळा बदलल्या. जिन्यावर त्याची चाहूल लागली की खोलीत थांबायची. माफी मागायला बोळाएवढंही अंतर नव्हतं, पण मी ते चालले नाही. निघायच्या दिवशी त्यानं घरमालकिणीच्या हातांचं चुंबन घेतलं, मग माझ्यापुढं आला आणि खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "फ्रॉयलाइन डॉक्टर, किक तुमची माझ्यापेक्षा चांगली आहे. गोलकिकला तुम्हाला न्यायला हवं होतं."

मी हसले. हसले!

पुढं मी खरीच डॉक्टर झाले, लग्न झालं, नवऱ्याचीही नोकरी इथंच, म्हणून फ्रँकफर्टलाच राहिले. नाताळात त्याचं कार्ड यायचं. तो पोलादाच्या कारखान्यात लागला होता आणि रविवारी इकडून गेलेल्या पाववाल्यांच्या, गवंड्यांच्या संघांतून खेळत होता. मैदान म्हणजे शाळेमागची जमीन, बघायला खेळाडूंच्या बायका. एका कार्डावर लिहिलं होतं, 'इथं गोलकिक मीच मारतो. कुणी बघत नाही.'

साठचं दशक निम्म्याहून अधिक सरलं आणि कार्डाऐवजी पत्र आलं. तिकडे आता पगारी फुटबॉलचे संघ निघत होते. त्याचं खेळायचं वय उलटलं होतं, पण एका संघाला गोलकीपर तयार करणारा माणूस हवा होता. जर्मनीत मोठ्या क्लबानं बोलावलं होतं याचा काही पुरावा, दोन ओळी, त्या ट्रेनरकडून मिळतील का? 'तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू द्या,' त्यानं लिहिलं होतं.

ते पत्र मी तीन आठवडे कणकेच्या डब्याखाली ठेवलं. कशासाठी, ते मला विचारू नका.

ट्रेनर आता निवृत्त होऊन ट्रामच्या थांब्याजवळ बिअर-सिगारेटची टपरी चालवत होता. मी गेले, वर्तमानपत्र घेतलं आणि परत आले. दुसऱ्या दिवशी गेले, काड्यापेटी घेतली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, तुम्हाला नक्की हवंय काय?"

मग सांगितलं. सगळं, पायाळूपासून. तो आधी भुवया वर करून ऐकत होता, मग त्याला हसू फुटलं, मग खोकला. "थांबा, थांबा," म्हणाला आणि टपरीच्या बाजूला उभ्या असलेल्या तीन बिअरवाल्यांना हाक मारली. "इकडे या रे! बाई, पहिल्यापासून सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साडीत, ओव्हरकोटात, भर रस्त्यात, तीन अनोळखी माणसांपुढं. टाच कशी हाणली ते त्यातल्या एकानं करून दाखवायला सांगितलं. मी ट्रामच्या खांबाला धरून करून दाखवलं. ते तिघं इतके हसले, की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. ट्रेनर तेवढ्यात हसायचा थांबला होता.

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माहीत नाही."

"हो."

"तो तुमच्यासाठी खोटं बोलला."

"हो."

त्यानं आत जाऊन कागद आणला आणि उभ्यानंच लिहिलं, 'त्या रविवारी चूक माझी झाली, हा माणूस स्वतःसाठी खोटं बोलला नव्हता, मी याला गोलात उभं केलं असतं.' खाली सही. मी त्याच दिवशी तो कागद हवाई टपालानं पाठवला.

उत्तर आलं. ती जागा आठवडाभर आधीच दुसऱ्याला दिली गेली होती. मी कणकेच्या डब्याकडे बघितलं. पुढं लिहिलं होतं, काळजी करू नका, मी शाळेतल्या पोरांना शिकवतो, बरी आहेत. ट्रेनरचा कागद काच लावून भिंतीवर टांगलाय. बायको विचारते, लाथ मारणारी ती बाई कोण?

आणि शेवटी : 'माझ्या चुलत काकांनी तेव्हा घरी कळवलं होतं, की मी पिऊन मारामारी केली. बाबांना मी किती वेळा सांगितलं, पण कशानं लागलं हे सांगता येत नव्हतं, मग त्यांना कसं पटणार? त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मागच्या हिवाळ्यात ते गेले. हा कागद त्यांनी वाचला असता तर मला आवडलं असतं.'

एवढंच. दोष देणारा एक शब्द नाही. मी ते पत्र नवऱ्यालासुद्धा दाखवलं नाही. पुढच्या नाताळात मी कार्ड पाठवलं, त्याचं आलं नाही. पुन्हा पाठवायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हापासून हा पाय कुणाच्या पाठीला लागलेला नाही. लोकांना वाटतं, म्हातारीला उसण काढता येईनाशी झाली.

आज सकाळी जावयांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "कशानं झालं?"

"जरा वाकलो होतो," जावई म्हणाले.

"खोटं," मी जर्मनमध्ये, अगदी शुद्ध, म्हटलं. "वॉशिंग मशीन एकट्यानं उचललं. बायको दोनदा नको म्हणाली होती. मी तिथंच होते."

जावयांनी पालथं पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलं. "अहो आई," ते म्हणाले, "यापेक्षा लाथ परवडली असती."